जास्त वाटा खुल्या ठेवणारी शाखा कोणती?

प्रश्न : एमएचटी-सीईटी दिली आहे, पण आवड अजून पक्की नाही. पुढे जास्त पर्याय राहतील अशी अभियांत्रिकीची शाखा कोणती?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : अशा वेळी पायाभूत शाखा घ्यावी : सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन. यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा याच चार शाखांसाठी होते. गणित आणि भौतिकशास्त्र आवडत असेल तर इलेक्ट्रिकलचा विचार करा. वीजनिर्मिती, ई-वाहने, ऑटोमेशन ही क्षेत्रे त्यातून खुली होतात. सोबत प्रोग्रॅमिंग शिका. बऱ्याच आयटी कंपन्या इतर शाखांचे विद्यार्थीही घेतात. रोबोटिक्ससारखा खास विषय एम.टेक.ला घेता येईल. कॅप फेरीत पसंतीक्रम भरण्यापूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळा आणि शाखानिहाय प्लेसमेंट जरूर तपासा.