लोण्याचा कृत्रिम स्वाद आणि श्वासरोग

चरकाचार्यांनी श्वासाच्या हेतूंत रज व धूम सांगितले. आज त्यांत रासायनिक वाफेचीही भर घालावी लागते. मे २००० मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यात पॉपकॉर्न कारखान्याच्या आठ माजी कामगारांचा फुप्फुसविकार उघडकीस आला. लोण्याचा स्वाद देणारे डायअ‍ॅसिटिल तापलेल्या तेलात मिसळताना उठणारी वाफ त्याच्या मुळाशी होती. (हेच द्रव्य खऱ्या लोण्यातही अल्पांशाने असते, अपाय खाण्यात नसून हुंगण्यात आहे.) सूक्ष्म श्वासनलिकांत व्रणवस्तू साचून त्या कायमच्या अरुंद होतात.

शुष्क कास व श्रमाने लागणारी धाप पाहून आपण तमकश्वास म्हणून मोकळे होतो. परंतु येथे वेग येत-जात नाहीत, सुट्टीतही उतार पडत नाही. अशा रुग्णास, तसेच वासावलेह वारंवार नेणाऱ्या गिऱ्हाइकासही, व्यवसाय विचारावा. स्वाद मिसळण्याचे काम असल्यास ते आधी सोडवून स्पायरोमेट्री करवावी, असे आम्ही सुचवितो. क्ष-किरणचित्र पुष्कळदा निर्दोष दिसते.