‘स्मृतिचित्रे’ : श्रद्धा आणि संसार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात (पहिला भाग १९३४) धर्मांतर हा तत्त्वचर्चेचा विषय नसून संसारातला पेच आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, परंतु धर्म न बदलता. सोवळेओवळे त्यांनी तेथेही सांभाळले.

त्यानंतरचा क्रम लक्षात घ्यावा. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे त्यांना आधी पटले. कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय त्यातूनच झाला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजेच त्यांची श्रद्धा माणसांशी असलेल्या नात्यांतून घडत गेली.

निवेदनाची भाषाही याला अनुरूप आहे. धर्मशास्त्रीय परिभाषेऐवजी येथे घरगुती बोली आहे, पतीच्या विक्षिप्तपणाकडे आणि स्वतःच्या फजितीकडे पाहणारा विनोद आहे. त्यामुळे दुःखाचे भांडवल होत नाही आणि श्रद्धेचा उपदेशही होत नाही.

स्वाध्याय : ठाणे, कल्याण वा डोंबिवली येथील आपल्या परिसरात एकाच घरात दोन श्रद्धा नांदताना दिसतात का? लक्ष्मीबाईंच्या अनुभवाशी तुलना करून दहा ओळी लिहा.