केबल काढली की नेटवर्क का थांबतं?

प्रश्न : आमच्याकडे तीन स्विच त्रिकोणात जोडले आहेत. एक केबल काढली की अर्धा मिनिट नेटवर्क ठप्प होतं, मग आपोआप सुरू होतं. असं का?

उत्तर : त्रिकोणात डेटा गरगर फिरत राहू नये म्हणून स्विचमधला स्पॅनिंग ट्री हा प्रोटोकॉल एक पोर्ट अडवून ठेवतो. चालू जोडणी तुटली की तो पोर्ट उघडतो. पण जुन्या पद्धतीत आधी १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग अवस्थेत थांबतो. तुटलेली जोडणी हा पोर्ट असलेल्या स्विचची स्वतःची नसेल, तर जुनी माहिती बाद व्हायला आणखी २० सेकंद जातात. अडवलेलीच केबल काढली, तर काहीच जाणवत नाही. सर्व स्विचवर रॅपिड स्पॅनिंग ट्री सुरू करा; खोळंबा बहुधा सेकंदाच्या आत येईल. स्पॅनिंग ट्री बंद मात्र करू नका.