मक्याची भाकरी आणि चुन्याचे पाणी

लोणी भापकर हे बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यातील गाव. तालुक्याच्या दक्षिण भागास नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते व तेथे ऊस उभा राहतो. या पट्ट्यास मात्र पावसाची वाट पाहावी लागते. बाजरी व ज्वारी ही येथील जुनी अन्नधान्ये होत. दुभत्या जनावरांसाठी आता मकाही पेरला जातो. हिरवी वैरण, मुरघास व पशुखाद्य असा त्याचा उपयोग होतो. कोवळी कणसे भाजून खाल्ली जातात. परंतु वाळलेल्या दाण्यास चुलीवर अजून मानाचे स्थान मिळालेले नाही. भाकरी थापताना कडा चिरतात, ती उलटताना मोडते, गार झाल्यावर कडक होते, अशी गृहिणींची तक्रार असते. ही तक्रार खरी आहे. तिच्यावरील उपाय मक्याच्या माहेरीच सापडतो.

धान्य आले, कृती मागे राहिली

मका मूळचा मेक्सिकोचा. तेथील स्त्रिया हजारो वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, साल काढून ओलाच वाटतात. या पिठाच्या पातळ भाकरीस तेथे ‘तोर्तिया’ म्हणतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मका युरोपात गेला व पुढे जगभर पसरला. चुन्याची रीत मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. परिणाम गंभीर झाला. स्पेन व इटलीतील ज्या गरीब कुटुंबांचा निर्वाह जवळजवळ केवळ मक्यावर होता, त्यांच्यात पेलाग्रा हा रोग पसरला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब व बुद्धिभ्रम ही त्याची लक्षणे होत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागातही त्याने हजारो बळी घेतले. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा रोग संसर्गाचा नसून अपुऱ्या आहाराचा आहे, असे दाखवून दिले. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे तो होतो, हे १९३७ नंतर स्पष्ट झाले.

मक्यात नायसिन असते; पण ते अशा स्वरूपात बांधलेले असते की शरीरास त्याचा लाभ होत नाही. चुन्याच्या पाण्याने हे बंधन सुटते. शिवाय धान्यास चुन्यातील कॅल्शियम मिळते, आणि साल विरघळू लागल्यामुळे पीठ चिकट होऊन भाकरी मोडत नाही.

ज्वारी खाणाऱ्यांनीही या रोगाची ओळख ठेवावी. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांतही तो आढळतो, याकडे डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये लक्ष वेधले. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे व भाजीपाला असल्यास भय राहत नाही.

कृती

स्वच्छ वाळलेला मका १ किलो, पाणी ३ लिटर आणि खाण्याचा चुना घ्यावा. चुन्याची कोरडी भुकटी असल्यास १० ग्रॅम पुरते. विड्याच्या पानास लावतात तो ओला चुना असल्यास सुमारे २० ग्रॅम घ्यावा. भिंतीस देण्याचा चुना कदापि वापरू नये.

१. मका निवडून धुवावा. किडका, काळा वा बुरशी लागलेला दाणा काढून टाकावा.

२. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात चुना कालवावा. अॅल्युमिनियमचे भांडे चालत नाही. चुना ते खातो. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये व मुलांना दूर ठेवावे.

३. मका घालून मंद आंचेवर ३० ते ४० मिनिटे शिजवावा. दाण्याची साल बोटांनी सुटू लागली की पातेले उतरवावे व झाकून रात्रभर ठेवावे.

४. सकाळी पाणी ओतून द्यावे. हे पाणी जनावरांना पाजू नये व रोपांना घालू नये. दाणे तीन वेळा चोळून धुवावेत, म्हणजे साल निघून जाते.

५. दाणे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये थोडे थोडे, जेमतेम पाणी लावून वाटावेत. गोळा सैल झाल्यास कोरडे मक्याचे पीठ मिसळावे. मीठ घालून मळावे.

६. लिंबाएवढा गोळा केळीच्या पानावर वीतभर रुंद थापावा व तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावा. भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवल्यास मऊ राहते. वाटलेले पीठ त्याच दिवशी संपवावे.

जोडीस काय द्यावे

मेक्सिकोत तोर्तियाबरोबर घेवड्याच्या जातीचे कडधान्य व टोमॅटो-मिरचीची चटणी असते. आपल्याकडे मटकीची किंवा हुलग्याची उसळ, कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आणि ठेचा हे काम उत्तम करतात. मक्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन हे घटक कमी असतात. लायसिनची उणीव कडधान्य भरून काढते. भाकरीत उसळ भरून घडी घातली की शेतावर न्यावयास सोयीची शिदोरी होते. हेच पीठ कणसाच्या धुतलेल्या पानांत गुंडाळून पातोळ्यांप्रमाणे वाफवता येते. न वाटलेले दाणे मऊ शिजवून फोडणी दिल्यास चांगल्या घुगऱ्या होतात.

धान्याची निवड व साठवण

चुना हा सडक्या धान्यावरचा उतारा नव्हे. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे यकृताचा विकार होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या बुरशीच्या विषास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. शिजवूनही ते पूर्णपणे नाहीसे होत नाही. म्हणून कणसे नीट वाळवून मगच मळणी करावी, दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत उन्हात द्यावा आणि जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावा. बुरशीचा मका गाई-म्हशींनाही घालू नये, कारण ते विष दुधात उतरते. पेरणीसाठी औषध लावलेले रंगीत बियाणे खाण्यात आणणे तर जिवावर बेतेल.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

१९७२ च्या दुष्काळात परदेशातून मिलो नावाची तांबडी ज्वारी आली. पोट भरले, परंतु तिच्या भाकरीची नावड जुन्या माणसांच्या अजून स्मरणात आहे. नुसते धान्य पोहोचवून भागत नाही. ते रांधण्याची रीतही पोहोचवावी लागते. म्हणून महिला मंडळात किंवा बचत गटात व्याख्यान देण्यापेक्षा प्रयोग करून दाखवावा. आदल्या सायंकाळी पाव किलो मका भिजवावा. दुसऱ्या दिवशी एका तव्यावर गिरणीच्या कोरड्या पिठाची व दुसऱ्यावर चुन्याच्या पिठाची भाकरी करावी. दोन्ही गार होऊ द्याव्यात, मोडून पाहाव्यात, चाखावयास द्याव्यात. कोणती रीत घरी न्यावयाची, याचा निर्णय भाकरी थापणाऱ्या हातांवर सोपवावा.