छायाचित्रकाराचे प्राग

चार दिवसांत छायाचित्रे काढण्यासाठी युरोपातील एखादे शहर निवडावयाचे झाले, की बहुतेकांच्या ओठांवर पॅरिस येते. मी प्राग निवडीन. त्याचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे. शिवाय तेथे प्रकाशाची दिशा चटकन उमगते. १३५७ मध्ये बांधावयास घेतलेला चार्ल्स पूल व्ल्तावा नदीवर साधारण पूर्व-पश्चिम पसरला आहे आणि किल्ला पश्चिम तीरावरील टेकडीवर. म्हणून पुलावरून पाहता सकाळचे ऊन किल्ल्याच्या दर्शनी बाजूवर पडलेले दिसते; सायंकाळी उरते ती केवळ काळी आकृती. पुलावरील ३० शिल्पे हवी असतील तर पहाटेच गाठावीत. नंतर गर्दीच टिपावी लागते. (तीही वाईट नसते म्हणा!)

महिना डिसेंबर. प्राग ५० उत्तर अक्षांशावर असल्याने त्या महिन्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजावर जेमतेम १६-१७ अंश चढतो. मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. साहजिकच सावल्या दिवसभर लांब. दिवस मात्र आठच तासांचा, आणि आभाळ बहुधा ढगाळ. त्याचे मला भय वाटत नाही. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या योसेफ सुदेकने (१८९६-१९७६) याच शहरात आपल्या कार्यशाळेच्या खिडकीची, बाष्पाने धूसर झालेल्या काचेची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढली. कडक उन्हावाचून त्याचे काही अडले नाही.