दुधाच्या दातांना होणारी इजा

‘दुधाचाच दात, आज ना उद्या पडणारच होता’ असे म्हणून पालक पुष्कळदा निश्चिंत होतात. परंतु नुकतेच चालू लागलेले मूल तोंडावर आपटते तेव्हा मार बहुधा वरच्या पटाशीच्या दातांना बसतो, आणि त्यांच्या मुळांच्या टोकालगत, टाळूच्या बाजूस, कायमच्या दातांचे अंकुर त्याच वयात घडत असतात. दात हिरडीत आत रुतला असेल, तर इजा विशेष गंभीर समजावी. असा दात पुष्कळदा सहा महिने ते वर्षभरात आपोआप खाली उतरतो. तथापि अंकुरास धक्का पोहोचला असल्यास सातव्या-आठव्या वर्षी येणाऱ्या दातावर पांढरे वा पिवळट-तपकिरी डाग, खळगे, क्वचित वाकडेपणाही आढळतो. कायमचा दात निखळल्यास तो तत्काळ जागी बसवितात. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये, कारण त्या प्रयत्नात अंकुरच दुखावण्याची भीती असते. (हातात दात घेऊन आलेल्या आजीला हे पटविणे सोपे नसते.) दात करडा पडला एवढ्यावरून तो काढण्याची घाई नको, हिरडीवर पुळी आल्यास मात्र त्वरित दाखवावे. इजेची तारीख बाळाच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवावी. पाच-सहा वर्षांनी डागाचे कारण शोधताना तीच उपयोगी पडते.