इंजिनाखालचे रबर

मोटारगाडीचे इंजिन आणि तिचा सांगाडा यांच्यामध्ये रबराचे दोन-तीन ठोकळे बसविलेले असतात. इंजिनाचा सारा भार त्यांच्यावर असतो. पण ते फाटेपर्यंत गाडीच्या मालकाला त्यांची आठवण सहसा होत नाही. ग्रंथांत त्यांना इंजिनाचे आधार म्हणतात. गॅरेजमधला कारागीर त्यांना 'फाउंडेशन' म्हणतो. हा शब्द थोडा फसवा आहे. घराच्या पायाने हलू नये अशी अपेक्षा असते. या फाउंडेशनचे मात्र कामच मुळी हलण्याचे आहे. जुन्या गाडीसाठी असे आधार घरी बनविणाऱ्यांचे प्रयत्न फसतात ते बहुधा याच ठिकाणी. बनविलेला ठोकळा मजबूत असतो, पण गरजेपेक्षा ताठ असतो.

मोटारीच्या आरंभीच्या काळात इंजिन सांगाड्याला सरळ बोल्टांनी जखडलेले असे. चार सिलिंडरांच्या इंजिनात दट्ट्यांच्या वर-खाली होण्याने निर्माण होणारी सगळी बले एकमेकांस छेदत नाहीत. प्रत्येक फेऱ्यात दोनदा उमटणारा एक हादरा शिल्लक राहतो, आणि स्फोटांचे धक्केही प्रत्येक फेऱ्यात दोनच असतात. ही सारी थरथर सांगाड्यातून बैठकीपर्यंत पोचे. १९३१ साली अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या आधारांवर ठेवले. पुढचा आधार उंचावर आणि मागचा खाली अशी त्यांची मांडणी होती. दोन्ही आधारांना जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्याजवळून जाई, त्यामुळे इंजिन त्या रेषेभोवती सहजपणे डुलू शके. 'फ्लोटिंग पॉवर' म्हणजे तरंगती शक्ती, हे त्या योजनेचे जाहिरातीतले नाव. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने लगोलग तिचे हक्क घेतले आणि आपल्या गाड्यांवर पाण्यावर तरंगणाऱ्या हंसाचे चित्र लावले. क्रायस्लरशी भारताचाही संबंध आला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात याच कंपनीच्या गाड्या जोडण्यास सुरुवात केली.

आपल्याकडे असे भाग हाताने बनविण्याची पाळी हौसेने आली नाही, ती टंचाईने आणली. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे चालविलेला जुळणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला. परदेशी गाड्यांची आयात त्या सुमारास जवळजवळ थांबली होती. त्याआधी आलेल्या अथवा नंतर कोणा ना कोणाबरोबर येऊन पोचलेल्या एमजी, ट्रायम्फ यांसारख्या धावत्या घाटाच्या दोन आसनी गाड्या मागे राहिल्या. त्यांचे सुटे भाग मात्र येईनासे झाले. त्यातल्या त्यात ट्रायम्फ स्पिटफायरचा मालक सुदैवी म्हटला पाहिजे. १९६२ साली इंग्लंडमध्ये निघालेली ही गाडी ट्रायम्फ हेराल्डच्या सांगाड्यावर बेतलेली होती, तिचे इंजिनही त्याच घराण्यातले होते. आणि हेराल्ड तर १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सच्या कारखान्यात बनत होती. इतरांना कारागिराच्या कल्पकतेवरच विसंबावे लागे.

आज परदेशातून भाग मागविता येतात, तरीही घरगुती आधारांची गरज संपलेली नाही. विरळ गाड्यांचे आधार कोणी बनवीत नाही. पेटीतून प्रथमच बाहेर काढलेला, पण चाळीस वर्षे फळीवर पडून राहिलेला 'नवा' आधारही खरा नवा नसतो. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली शोधलेल्या व्हल्कनीकरणामुळे, म्हणजे गंधकासह तापविण्याच्या प्रक्रियेमुळे, रबर टिकाऊ झाले. ते अमर झाले नाही. हवेतील प्राणवायू त्याला हळूहळू कडक करतो. ओझोन वायूमुळे ताणलेल्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. नैसर्गिक रबराला तेलाचे तर वावडेच आहे: जुन्या इंजिनातून झिरपणारे तेल शोषून ते फुगते, मऊ पडते आणि लोखंडी पट्टीपासून सुटू लागते.

आता या ठोकळ्याकडून नेमके काय हवे असते ते पाहू. त्याच्यावर ठेवलेले इंजिन म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेले वजन होय. अशा वजनाला धक्का देऊन सोडले तर ते दर सेकंदास ठरावीक वेळा डोलते. ही त्याची नैसर्गिक वारंवारता. ती काढण्याची एक सोपी रीत आहे. भाराखाली ठोकळा किती मिलिमीटर दबतो ते मोजावे, त्या आकड्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याने १५.८ ला भागावे. येणारा आकडा म्हणजे दर सेकंदाची आंदोलने. इंजिनाचे धक्के या वारंवारतेच्या सुमारे १.४ पटींहून अधिक वेगाने येत असतील, तरच रबर कंपन अडवू लागते. त्याहून कमी वेगाने येत असतील तर ते कंपन वाढविते.

एक उदाहरण घेऊ. उभ्या गाडीचे इंजिन मंद गतीने मिनिटाला ८०० फेरे घेत आहे. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के झाले. आधार भाराखाली ३ मिलिमीटर दबत असेल तर त्याची नैसर्गिक वारंवारता सुमारे ९ येते, आणि सांगाड्यापर्यंत धक्क्याचा जेमतेम आठवा हिस्सा पोचतो. आता त्या जागी घरी बनविलेला, अर्धा मिलिमीटरच दबणारा कडक ठोकळा बसविला असे समजा. वारंवारता २२ च्या वर जाते. ती २७ च्या इतकी निकट आहे की, रबराच्या अंगच्या अवमंदनाचा विचार न केल्यास, धक्का दुपटीहून अधिक होऊन सांगाड्यात उतरतो. इंजिन बोल्टांनी जखडले असते तर परवडले असते, अशी ही अवस्था! हेच इंजिन ३००० फेऱ्यांवर गेले की धक्के सेकंदाला १०० होतात आणि तोच कडक ठोकळा आपले काम नीट करू लागतो. धावताना गाडी गुळगुळीत चालते, पण सिग्नलपाशी आरसे थरथरतात आणि दारे खडखडतात, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. पुष्कळदा त्यासाठी कार्बुरेटर मात्र विनाकारण उघडला जातो.

मग ठोकळा हवा तितका मऊ का करू नये? त्याला इंजिनाची पीळशक्ती आड येते. एखादे लहान इंजिन ८० न्यूटन-मीटर पीळ देत असेल आणि पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीन पट होत असेल, तर मागच्या चाकांकडे २८० न्यूटन-मीटर पीळ जातो. तितकाच उलटा पीळ इंजिन व गिअरपेटी यांना आडवे पाडू पाहतो. दोन बाजूंच्या आधारांत ४० सेंटिमीटर अंतर असेल आणि बहुतेक पीळ त्यांनाच पेलावा लागत असेल, तर एका आधारावर सुमारे ७० किलोग्रॅमचा जादा दाब येतो आणि दुसऱ्यावरचा तितकाच भार कमी होतो. त्या दुसऱ्यावर मुळात ५० किलोग्रॅमच भार असेल तर? तेव्हा तो दबलेला राहत नाही, वर ओढला जातो. रबर आणि लोखंड यांचा जोड ताणाखालीच सर्वांत दुबळा असतो. जुने आधार बहुधा एकाच बाजूचे का फाटतात, याचे उत्तर यात आहे. पुढून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात ती बाजू डावी असते.

हे लक्षात ठेवून घरगुती उपायांकडे पाहावे. सर्वांत जुना उपाय म्हणजे टायरचे किंवा कारखान्यातील वाहक पट्ट्याचे तुकडे कापून, एकावर एक रचून, मधून बोल्ट घालणे. अडचणीच्या वेळी गाडी घरी आणण्यापुरता तो ठीक आहे. त्या तुकड्यांत कापडाचे थर असतात, ते रबराला फुगू देत नाहीत. रबर दाबले तरी त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही. ते बाजूंनी फुगते, आणि फुगता आले तरच दबते. पातळ व रुंद चकती म्हणूनच उंच ठोकळ्यापेक्षा कितीतरी पट ताठ असते. शिवाय तो आरपार बोल्ट दोन्ही बाजूंच्या लोखंडाला टेकला की मधले रबर असून नसून सारखेच. कंपन बोल्टातून सरळ निघून जाते.

दुसरा उपाय पॉलियुरेथेन ओतण्याचा. दोन द्रव मिसळले की काही तासांत रबरासारखा चिवट पदार्थ तयार होतो, भट्टी लागत नाही, आणि हव्या त्या कडकपणाचा माल निवडता येतो. कडकपणा 'शोअर ए' या मापाने सांगतात. इंजिनाच्या आधारांचे रबर या मापावर साधारणतः ५० ते ६० च्या आसपास असते. शर्यतीच्या गाड्यांसाठी ८० च्या वरचे पॉलियुरेथेन वापरतात, ते रोजच्या गाडीला मानवत नाही.

या कामात साचा बनविण्यास कौशल्य लागते. लखनौच्या चौक भागात चिकनकामाच्या कापडावर नक्षीची खूण उमटविण्यासाठी लागणारे लाकडी ठप्पे कोरण्याची परंपरा आहे. तेथील कारागीर आकृती उलटी कोरतो. कापडावर उमटणारी सुलटी नक्षी त्याच्या मनात आधीच तयार असते. साचा करणाऱ्यालाही अशीच पोकळीकडून वस्तूकडे नजर वळवावी लागते. साम्य मात्र येथेच संपते. चिकनची खूण भरतकामानंतर धुऊन टाकतात, तेव्हा तिच्यातली किंचित चूक झाकली जाते. आधाराच्या साच्यातील चूक इंजिन दाखवून देते. जुना आधार समोर ठेवून त्याबरहुकूम साचा करणे ही सर्वांत नेहमीची चूक होय. तो आधार वर्षानुवर्षांच्या भाराने खचलेला असतो. त्याची नक्कल केली तर त्याच्या खचण्याचीही नक्कल होते, आणि इंजिन काही मिलिमीटर खाली बसून पंख्याची पाती रेडिएटरच्या आवरणाला घासतात. उंची ठरवायची ती पंखा, गिअरपेटी आणि सांगाड्यावरील भोके यांच्या मूळ जागांवरून.

लोखंडी पट्ट्यांची तयारी हा कंटाळवाणा पण निर्णायक भाग आहे. जुने रबर जाळून काढू नये. त्याचा धूर विषारी असतो. ते कापून, खरवडून काढावे. पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने खडबडीत करावा, तेलाचा अंशही उरू देऊ नये, त्यावर पॉलियुरेथेनसाठी असलेला प्रायमर लावावा आणि त्यानंतर बोटही लावू नये. द्रवांचे प्रमाण अंदाजाने न घेता वजनाने घ्यावे. त्यांतील आयसोसायनेट हे रसायन श्वासनलिकेस घातक आहे, तेव्हा मोकळी हवा आणि योग्य मुखवटा यांवाचून हे काम हाती घेऊ नये. त्याचे ओलाव्याशीही वैर आहे. पाण्याच्या अंशाशी संयोग होऊन त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ठोकळा आतून जाळीदार होतो. मुंबईच्या पावसाळ्यात ओतलेले आधार वरून चकचकीत पण आतून पावासारखे निघू शकतात.

ज्यांना शहरातील रबर मोल्डिंगचा लहानसा कारखाना उपलब्ध आहे त्यांनी नैसर्गिक रबराचाच ठोकळा करून घेणे अधिक श्रेयस्कर. कच्चे रबर लोखंडी साच्यात घालून सुमारे १५० अंश सेल्सिअसला दाबाखाली शिजविले जाते, आणि पट्टीवर लावलेले बंधक द्रव्य त्याच उष्णतेत रबराला कायमचे धरते. पूर्वी यासाठी लोखंडावर पितळेचा मुलामा देत. त्याच्या जोडीला नैसर्गिक रबराची लवचिकता येते, ती घरी ओतलेल्या पॉलियुरेथेनला सहसा साधत नाही.

तरीही कोणताही जोड कधी ना कधी सुटेल असे धरूनच आधाराची रचना केली पाहिजे. याचा धडा मोठ्या कंपनीलाही महागात पडला. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सला १९६५ ते १९७० या वर्षांतील सुमारे ६७ लाख शेव्हरले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्या गाड्यांच्या आधारांत रबर तुटल्यावर इंजिनाला धरून ठेवणारे काहीच नव्हते. डावा आधार तुटला की जोर देताच इंजिन वर उचलले जाई. त्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरचा दुवा ओढला जाऊन इंजिन अधिकच जोर घेई, आणि ब्रेकला मदत करणारी निर्वात नळी निसटण्याचाही संभव असे. गाडी सुसाट आणि ब्रेक जड, असा तो प्रसंग. उपाय म्हणून कंपनीने सगळे आधार बदलले नाहीत. इंजिन फार वर जाऊ नये म्हणून त्याला पोलादी दोराने बांधले.

घरगुती आधाराला अशी अटकाव करणारी योजना देणे कठीण नाही. खालच्या पट्टीचा एक कान वाकवून वरच्या पट्टीवर आणावा, म्हणजे रबर पूर्ण सुटले तरी दोन्ही पट्ट्या एकमेकींत अडकून राहतात; किंवा शेव्हरलेसारखा दोर बांधावा. मात्र कान असो वा दोर, इंजिन स्वस्थ असताना त्याने कशालाही स्पर्श करता कामा नये. काही मिलिमीटर मोकळीक ठेवावी, आणि ती मोकळीक पहिल्या महिनाभराच्या वापरानंतर, नवे रबर भाराखाली बसल्यावर, पुन्हा मोजून पाहावी.